सण, सुगी आणि वाजंत्री

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून हंगामी कलावंतांविषयी बोलावे यात थोडी गंमत आहे, हे आम्ही आरंभीच कबूल करून टाकतो. कारण व्याख्याता हाही एक हंगामी कलावंतच. पुण्यास 1875 साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि नाशिककरांनी 1922 पासून गोदेच्या काठी तशीच माला चालविली. दोन्ही ठिकाणी दिवस उन्हाळ्याचे. शाळा बंद, कोर्टकचेऱ्यांना सुट्टी, संध्याकाळी घरात उकाडा आणि बाहेर वाऱ्याची झुळूक. अशा वेळी माणूस दोन घटका बसून ऐकावयास तयार असतो. हेच व्याख्यान आषाढात ठेवले, तर समोर सतरंज्या आणि चिटणीस एवढेच उरावयाचे. नेमक्या याच चैत्र-वैशाखात खेडोपाडी जत्रा भरतात आणि तमाशाचे फड गावोगाव हिंडत असतात. तेव्हा वक्ता आणि सोंगाड्या यांचा हंगाम एकच आहे. फरक एवढाच की, सोंगाड्यावर पोट अवलंबून असते, आणि वक्त्याच्या हाती नारळ पडला तरी त्याचे भागते.

आमच्या सुशिक्षित मंडळींत एक समजूत फार दिवसांची आहे. बैठकीत गातो तो कलेसाठी गातो, आणि सणाला वाजवितो तो पोटासाठी वाजवितो. म्हणून पहिला कलावंत आणि दुसरा वाजंत्री. गणपतीत तीच गाणी, दिवाळीत तीच गाणी, जत्रेत तोच वग. दरवर्षी तेच ते करणाऱ्यास कसली आली प्रतिभा, असे विचारले जाते. आम्हीही एके काळी असेच म्हणत होतो. पुढे या लोकांचा इतिहास पाहू लागलो, तेव्हा प्रश्न उलटा विचारावा असे वाटू लागले. ज्या दिवशी सारा गाव काम टाकून बसतो, त्याच दिवशी हा एक माणूस कामाला का लागतो? आणि त्याला त्या दिवसाचे काय मिळते?

प्रारंभ घराजवळून करू. नांदगाव हे नाशिक जिल्ह्याचे पूर्वेकडील तोंड. येथून पुढे गाडी चाळीसगावास गेली की खानदेश लागतो, आणि बोलीत अहिराणीचा सूर ऐकू येऊ लागतो. खानदेशाचा मोठा सण आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. ही गाणी शेकड्यांनी आहेत, चालीही पुष्कळ आहेत. पण त्यांत व्यावसायिक गवई कोठे आहे? नाही. झोक्यावरची गाते, झोका देणारी गाते, खाली उभी राहिलेली गाते. ऐकणारा असा निराळा कोणी उरतच नाही. जेथे सारेच गातात तेथे गाणाऱ्याला बिदागी कोणी द्यावयाची? श्रावणातील कानबाईच्या रात्रीही बहुतांशी तशाच.

तेव्हा सणाला गाणे असते एवढ्याने सणाला गवई लागतो असे नाही. गवई लागतो तो सणाचे रूपांतर मेळाव्यात झाल्यावर. चंदनपुरीचा खंडोबा मालेगावजवळ आहे. पौषी पौर्णिमेस तेथे यात्रा भरते. परगावचा माणूस येतो, नवस फेडतो, आणि जागरण घालावयाचे म्हटले की त्याला वाघ्या-मुरळी शोधावे लागतात. दिमडी, तुणतुणे, घोळ ही वाद्ये त्याच्या घरी नाहीत आणि रात्रभर पुरतील इतकी पदे त्याला येत नाहीत. येथे प्रथम गाणारा एका बाजूला आणि ऐकणारा दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी पडली. ऐकणाऱ्याजवळ धान्य आहे, गाणाऱ्याजवळ विद्या आहे. अर्थव्यवहार म्हणतात तो येथून सुरू होतो.

जुन्या गावगाड्यात हा व्यवहार पैशात चालत नव्हता. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गाव-गाडा' या 1915 सालच्या पुस्तकात बलुतेदारांच्या कामांचे आणि हक्कांचे जे वर्णन आहे ते मुळातून वाचण्यासारखे आहे. देवळापुढे आणि लग्नकार्यात वाजविणे हे गावकीच्या कामांपैकीच एक होते. गुरवाने सनई-संबळ वाजवावा, मांगाने हलगी-डफ वाजवावा. कोठे हे काम होलारांकडे असे. मोबदला सुगीच्या वेळी खळ्यावर पेंढ्यांच्या रूपाने मिळे, आणि सणाला पोळी, पोस्त, जुने पागोटे किंवा लुगडे. दिवाळीची पोस्त आणि शिमग्याची पोस्त हे शब्द आता शहरात फक्त पोस्टमन आणि भंगी यांच्या संदर्भात ऐकू येत असत, तेही मागे पडले. परंतु पोस्त हा उपकार नव्हता, ती वर्षाच्या कामाची बाकी होती, हे विसरून चालावयाचे नाही.

या पद्धतीची एक बाजू चांगली दिसते. वाजविणाऱ्यास वर्षाचे धान्य ठरलेले, त्याला श्रोता शोधावा लागत नसे. पोळ्याच्या मिरवणुकीत मानाचा बैल पुढे आणि त्याच्याही पुढे वाजंत्री. पण मान बैलाचा होता, वाजंत्र्याचा नव्हता, ही दुसरी बाजू. ज्याच्या वाजविण्यावाचून देव देवळातून हालत नसे, त्याच्यापैकी कित्येकांना त्या देवळाची पायरी चढता येत नव्हती. सणाच्या दिवशी आपले सारे घर वाजविण्यास निघालेले असावयाचे, आणि घरची चूल दुसऱ्याच्या पोळीची वाट पाहावयाची, हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. यात गाण्याची आवड किती आणि सक्ती किती, याची वाटणी करणे कठीण. शिवाय ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या होकाराला अर्थ तरी काय? या मुद्द्याकडे आम्हांस पुन्हा यावयाचे आहे.

पेशवाईच्या उत्तरार्धात मात्र एक वेगळा माणूस उभा राहिला. तो शाहीर. तो कोणाचा बलुतेदार नव्हता. परशराम शाहीर जातीने शिंपी, राहणार सिन्नर तालुक्यातील वावीचा. अनंत फंदी संगमनेरचा. राम जोशी सोलापूरचा ब्राह्मण. या मंडळींचा खरा हंगाम शिमगा. रब्बीचे पीक घरात आलेले, थंडी ओसरलेली, रात्र चांदण्याची, आणि चार दिवस जिभेवरचा निर्बंध सुटलेला. कलगीवाले आणि तुरेवाले यांचे सवाल-जबाब रात्र रात्र चालावयाचे. लावणी शृंगाराकडे झुकली याचे एक कारण आम्हांस या दिवसातच दिसते. एरवी चारचौघांत जे बोलावयाचे नाही ते बोलण्याची मुभा सणाने दिली, आणि शाहिरांनी त्या मुभेचे रूपांतर विद्येत केले. अनंत फंदींना अहिल्याबाई होळकरांनी तमाशा सोडून कीर्तनाकडे वळण्यास सांगितले अशी आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी मानावी की नाही हे सोडून देऊ. पण तिच्यावरून एवढे कळते की, एकच माणूस शिमग्याला डफावर आणि चातुर्मासात वीणेजवळ उभा राहू शकतो, आणि लोकांना त्यात काही अशक्य वाटत नव्हते.

अभिजात संगीताचे अभिमानी येथे नाक मुरडतील. त्यांना आम्ही धमाराची आठवण करून देतो. ध्रुपद-धमाराच्या गायकीत चौदा मात्रांच्या तालात जी गंभीर, भारदस्त चीज म्हणतात तिच्या शब्दांकडे पाहिले तर बहुधा होळीच आढळते: गुलाल, पिचकारी, व्रजातील खेळ. म्हणजे एके काळचे सणाचे गाणे सण सोडून बाहेर आले आणि पक्के गाणे होऊन बसले. आज कोणी श्रावणात धमार गायिला तर त्याला कोणी अवेळी म्हणत नाही. सणाच्या गाण्याला हंगामापलीकडे आयुष्य नसते, हा आक्षेप येथेच निम्मा पडतो.

युरोपातही हेच घडले आहे. हॅन्डेलचा 'मसाया' हा गानप्रबंध आज नाताळचा म्हणून जगभर ओळखला जातो. परंतु त्याचा पहिला प्रयोग डब्लिन शहरी 13 एप्रिल 1742 रोजी झाला. ते दिवस ईस्टरपूर्वीच्या उपासकालाचे. लंडनमध्ये या काळात ऑपेरा करणे प्रशस्त मानीत नसत. म्हणून वेशभूषेवाचून आणि अभिनयावाचून, नुसत्या गायनाने सांगितलेल्या धर्मकथेला वाव होता, आणि हॅन्डेलने तो हेरला. डब्लिनच्या प्रयोगाचे उत्पन्न रुग्णालयांना आणि कर्जापायी तुरुंगात पडलेल्या लोकांच्या सुटकेला दिले गेले. पुढे हे संगीत उपासकालातून सरकत सरकत डिसेंबरात जाऊन बसले. सण गाण्याला जन्म देतो, पण गाणे त्या सणाशी बांधून राहतेच असे नाही.

इंग्लंडातील दुसरा दाखला तर आमच्या गावगाड्याच्या अगदी शेजारचा वाटतो. तेथील शहरांतून 'वेट्स' नावाचे नगरवादक असत. नगरपालिकेचा अंगरखा, ठरावीक वेतन, रात्रीच्या गस्तीस आणि समारंभास वाजविणे हे त्यांचे काम. 1835 च्या नगरपालिका कायद्याने त्यांची पदे गेली. वेतन गेले तसे हे लोक वर्षभर गप्प झाले, पण नाताळात दारोदार वाजवून बक्षिसी मागण्याची चाल तेवढी मागे राहिली. वर्षाचे वतन बुडाले की कलावंत सणाच्या आश्रयाला जातो. महाराष्ट्रात कनिष्ठ गावकामगारांची वतने 1958 च्या कायद्याने रद्द झाली. तो कायदा न्यायाचाच होता, याविषयी आमच्या मनात शंका नाही. बलुत्याची पेंढीही त्याच सुमारास आटत चालली होती. मग हलगीवाल्याने आणि सनईवाल्याने काय केले? लग्नसराईचा बँड, गणपतीची मिरवणूक, जत्रेची सुपारी. वर्षाचा माणूस हंगामाचा झाला.

आता थोडे मागे जाऊन रेल्वेकडे पाहू. एकोणिसाव्या शतकात जी. आय. पी. रेल्वे आपल्या भागातून गेली आणि नांदगाव हे वेरूळची लेणी पाहू जाणाऱ्यांचे उतरण्याचे स्टेशन झाले. गाडीतून साहेब आला तशा नाटक मंडळ्याही आल्या. पडदे, पेट्या, ऑर्गन, पन्नास माणसे, हे बिऱ्हाड बैलगाडीने किती हिंडणार? आगगाडीने मात्र ते मुलूखभर फिरू लागले. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चा पहिला प्रयोग पुण्यास 31 ऑक्टोबर 1880 रोजी झाला हे सर्वांना ठाऊक आहे. पण ते दिवस दिवाळीच्या तोंडचे होते याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. सुट्टीत घरी आलेली माणसे, खिशात सणाची मोकळीक, अंगात उत्साह. नव्या प्रकारच्या संगीत नाटकाला याहून बरा मुहूर्त कोणता मिळणार? किर्लोस्करांनी पंचांग पाहूनच दिवस धरला असे सिद्ध करण्याचा आमचा आग्रह नाही. पण ज्याला तिकिटे खपवावयाची आहेत, तो पंचांग पाहात नाही असे म्हणणे हेही भाबडेपणाचे.

गोव्याच्या ख्रिस्ती कलावंतांनी मुंबईत असेच केले. कोंकणी तियात्राचा पहिला प्रयोग मुंबईत 17 एप्रिल 1892 रोजी झाला, तो रविवार ईस्टरचा होता. घरापासून दूर नोकरीला राहिलेल्या माणसाला सणाच्या दिवशी घराची आठवण सर्वांत अधिक येते. त्या दिवशी त्याच्या बोलीत कोणी चार गाणी म्हणून दाखविली, तर तो पदरचे पैसे मोजून जातो.

त्याच्या पुढच्याच वर्षी, 1893 साली, पुण्यात गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप येऊ लागले, लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून त्याला उचलून धरले, आणि दोन-तीन वर्षांतच त्याबरोबर मेळे आले. मेळा म्हणजे सारख्या पोशाखातल्या पोरांचा ताफा, हातांत टिपऱ्या अगर लेझीम, आणि तोंडी त्या वर्षी नवी रचलेली पदे. दरवर्षी नवी पदे हवीत, ही मेळ्यांची मोठी खूण. सणाचे गाणे म्हणजे जुनेच उगाळणे, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. कवीला वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवसापर्यंत, पोरांच्या गळ्यास पेलेल असे नवे काव्य द्यावे लागे. चाल ओळखीची, कधी नाटकातली, कधी लावणीची. शब्द मात्र आजचे. स्वदेशी, दारूबंदी, शिवाजी, हुंडा, सारे विषय त्यात येऊन गेले. विसाव्या शतकात रंगभूमीवर आणि पुढे चित्रपटात नावारूपास आलेल्या कित्येकांनी तोंडाला पहिला रंग मेळ्यात लावला. पुढे मेळे सत्यशोधकांनीही काढले. पुण्याचा छत्रपती मेळा आणि त्यावरून उडालेले खटके प्रसिद्धच आहेत. उत्सव एक, पण त्यात कोणी काय गावे याविषयी भांडण, आणि भांडणापायी दोन्हीकडे कवी कामाला लागलेले.

नाशिकचा मित्रमेळा याच हवेत वाढला. 1900 च्या सुमारास सावरकर बंधूंनी आणि त्यांच्या मित्रांनी तो सुरू केला. त्यांचा कवी म्हणजे गोविंद त्र्यंबक दरेकर. लोक त्यांना आबा दरेकर अगर कवी गोविंद म्हणत. पायांनी अधू, जागेवरून हलणे कठीण, आणि शब्द मात्र गावभर पळणारे. शिवजयंती, गणेशोत्सव हे त्यांचे हंगाम. सभेला परवानगी मागावी लागते, भाषणाचे टिपण पोलीस घेतो. पण गणपतीपुढे पोरे पदे म्हणत असताना सरकारने कोठे हात घालावयाचा? उत्सवाने गाण्यावर पांघरूण घातले होते. ते पांघरूण फार दिवस पुरले नाही. कवी गोविंदांच्या कविता पुस्तिकेत छापल्यावरून बाबाराव सावरकरांवर खटला झाला आणि 1909 साली त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पुढच्या काही वर्षांत मेळ्यांवरही निर्बंध आवळले गेले. सणाचे गाणे निरुपद्रवी असते असे सरकारला तरी वाटत नव्हते.

वाजविण्याच्या सक्तीकडे पुन्हा येण्याचे आम्ही मघाशी कबूल केले होते. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह 2 मार्च 1930 रोजी सुरू झाला. त्याच चैत्रातल्या रामरथाच्या वेळी दोन पक्ष समोरासमोर आले, दगडफेक झाली. सण कोणाचा, हा प्रश्न त्या दिवशी रस्त्यावर विचारला गेला. हा लढा 1935 पर्यंत चालला, आणि त्याच वर्षी 13 ऑक्टोबर रोजी, आपल्या शेजारच्या येवल्यात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली. पुढे 12 आणि 13 फेब्रुवारी 1938 या दिवशी आपल्याच तालुक्यातील मनमाड येथे रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. ज्यांच्या वाडवडिलांनी गावकीचे काम म्हणून दुसऱ्यांचे सण साजरे करून दिले, त्यांची मुले मनमाडच्या यार्डात आणि कारखान्यात मजुरीवर आली होती. मजुरी महिन्याची होती. तिला पोळी जोडलेली नव्हती. हा फरक लहान वाटतो, पण माणसाला नाही म्हणता येऊ लागते ते यानेच.

आणि नाही म्हणणे हेही कलेच्या इतिहासात मोडते. गावोगाव आंबेडकरी चळवळीतील लोकांनी गावकीची अपमानाची कामे सोडली. त्यांत मिरवणुकीपुढे वाजविणेही पुष्कळ ठिकाणी आले. त्यापायी बहिष्कार सोसावे लागले. पण सोडलेले वाद्य अडगळीत पडले असे झाले नाही. नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी तमाशाच्याच घाटातून आंबेडकरी जलसा उभा केला. ढोलकी तीच, सवाल-जबाबाची रीत ओळखीची, विषय मात्र शाळेचा, पाणवठ्याचा, हक्काचा. ज्या हातांनी दुसऱ्याच्या सणाला वाजविले ते आता स्वतःच्या सभेला वाजवू लागले.

यातूनच एक नवा सण तयार झाला. 1928 साली पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी 14 एप्रिलला बाबासाहेबांची जयंती सार्वजनिक रीतीने साजरी केली. आज हा दिवस गावोगाव पाळला जातो, आणि त्याने गाण्याचे एक अफाट भांडार निर्माण केले आहे. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक यांचा जन्म 1922 चा. अक्षरओळख त्यांना मोठेपणी झाली. 2004 साली निधन होईपर्यंत ते गावोगाव गात राहिले. त्यांच्या पुष्कळशा रचना जयंतीच्या मंचावर, समोर बसलेल्या बाया-माणसांना ऐकविण्यासाठी झालेल्या आहेत. त्या समजावयास टीकाकार लागत नाही. वाचणारा वर्ग अजून तयार व्हावयाचा होता तेव्हा ऐकणारा वर्ग एप्रिलमध्ये हजारोंनी समोर बसत होता. कवी त्याच्याकडे गेला नसता, तर कोठे गेला असता?

आता तमाशाच्या हिशेबाकडे येतो. हा भाग थोडा रुक्ष, पण सारी गोम यातच आहे. मोठे तंबूचे फड दसऱ्याला बाहेर पडतात आणि बुद्धपौर्णिमेच्या सुमारास परत येतात. पावसाळ्याचे चार महिने धंदा बंद. त्या चार महिन्यांत कलावंताला घर चालविण्यासाठी मालकाकडून उचल घ्यावी लागते, आणि उचल देण्यासाठी मालकाला सावकाराकडे जावे लागते. म्हणजे दसऱ्याच्या दिवशी फड निघतो तो कर्जाचे ओझे घेऊनच निघतो. कार्तिकापासून माघापर्यंत तिकिटाचे खेळ. त्यात लोक आले तर आले. खरा भरवसा चैत्र-वैशाखातील जत्रांच्या सुपारीचा. पुणे जिल्ह्यात नारायणगावास गुढीपाडव्याच्या आधीपासून फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच जत्रेच्या तारखा घेऊन येतात, घासाघीस करतात, इसार देतात. काही फड तर एवढ्याच मोसमापुरते उभे राहतात. त्यांना हंगामी फड असे सरळ नावच आहे. ज्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरविले गेले, त्याही याच चक्रात जन्मभर फिरल्या, आणि 2002 साली गेल्या.

जत्रा चैत्रात का? रब्बी निघालेली असते, शेते मोकळी असतात, पाऊस लांब असतो आणि गावाच्या वर्गणीला हात सैल असतो. देवाची तिथी आणि बाजाराची तिथी येथे जुळलेली आहे. पण म्हणूनच फडाचे नशीब शेतीला बांधलेले. आपला नांदगाव तालुका अवर्षणाचा. येथे हे समजावून सांगावे लागत नाही. पाऊस चुकला की गहू-हरभरा चुकतो, तो चुकला की वर्गणी चुकते, आणि पंच मंडळी यंदा नुसता पालखीचा कार्यक्रम करू असे म्हणतात. 1972 च्या दुष्काळाच्या आठवणी काढताना आपण खडी फोडणाऱ्या शेतकऱ्याची आठवण काढतो. त्याच्या गावात त्या चैत्रात जो ढोलकीवाला आला नाही, त्याची कोणी काढीत नाही.

2020 साली तर अघटित घडले. साथीमुळे देशभर टाळेबंदी जाहीर झाली ती 24 मार्चच्या रात्री, आणि दुसरा दिवस गुढीपाडव्याचा होता. ज्या दिवसांत वर्षाच्या सुपाऱ्या ठरावयाच्या, नेमक्या त्याच दिवसांत जत्रा बंद झाल्या. बैठकीच्या गवयाचे नुकसान झाले नाही असे नव्हे. पण त्याच्या मैफली वर्षभर विखुरलेल्या असतात. फडाचे पीक एकाच महिन्यात येते. तो महिना गेला, पुढच्या चैत्रात साथीची दुसरी लाट आली, तोही गेला. उचल मात्र अंगावर राहिली. सणाला वाजविणारा पोटासाठी वाजवितो, या वाक्यातील पोट म्हणजे काय ते त्या दोन वर्षांत कळले.

शहरी सणांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. दिवाळी पहाट नावाचा प्रकार मुंबईकडे 1980 नंतर सुरू झाला आणि आता तो तालुक्याच्या गावापर्यंत पोचला आहे. अभ्यंगस्नान करून, नवे कपडे घालून, माणसे पहाटे गाणे ऐकावयास येतात. त्यामुळे रात्रीच्या मैफलीत कधी गाता न येणारे भैरव, ललत हे पहाटेचे राग गवयास गाता येतात. हा फायदा लहान नव्हे. भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ 1953 साली सुरू केलेला पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव हा कोणत्याच धर्माचा सण नाही. पण डिसेंबरातील त्या दिवसांसाठी लोक रजा शिल्लक ठेवतात, घोंगडी-थर्मास घेऊन जातात, आणि आरंभ सनईने होतो. ज्या वाद्याला देवळाच्या दारात बसविले होते, त्याच्यावाचून पक्क्या गाण्याच्या मंडपालाही सुरुवात करणे बरे वाटत नाही.

वाजंत्र्यांच्या घरचे पंचांग मात्र निराळेच राहते. ज्या घरी सनई, बँड किंवा ढोल आहे त्या घरी दिवाळीचे फराळाचे सामान इतरांच्या नंतर येते, कारण हाती पैसा पाडव्याला पडतो. अधिक मास आला की ते प्रथम बोटे मोजतात: यंदा गणपती पुढे गेला, लग्नाच्या तिथी कमी झाल्या, जत्रा कोठे सरकली. दाते पंचांग आपण मुहूर्तासाठी उघडतो. ते उघडतात वर्षाचे अंदाजपत्रक करण्यासाठी.

परंतु पंचांगही कधी कधी वाजंत्र्यापुढे हार खाते. आपल्या भागातल्या जयंत्या पाहा. दिवस 14 एप्रिलचा. तरी एका वस्तीत ती त्या दिवशी होते, दुसऱ्या वस्तीत आठ दिवसांनी, तिसऱ्या गावात मे महिन्यात. कारण विचारले तर कोणी सांगतो, पोरे सुट्टीवर तेव्हा येतात; कोणी सांगतो, वर्गणी तेव्हा जमली. आणि तिसरे कारण मंडपात खुर्च्या मांडणारा पोरगा सहज सांगून जातो: गायन पार्टीची तारीख तेव्हाची मिळाली. खेड्यातील जत्रांचेही काही ठिकाणी असेच झाले आहे. मुख्य दिवस देवाचा, पण तमाशाची रात्र फडाला सवड असेल ती. शेजारच्या गावाने आधी इसार दिलेला असतो. मग पंच पुढची रात्र धरतात, कुस्त्या एक दिवस सरकवितात, आणि पाहुण्यांना निरोप धाडतात की, या, पण शुक्रवारी या.